अक्षरांनी राखलेला गड

सोळा ते सोळा ठिपक्यांची रांगोळी काढायला घ्या आणि तिच्यात एकोणतीस रेघांचं एक अक्षर बसवा. रेघ रेघेला चिकटता कामा नये, म्हणजे दोन आडव्या रेघांमध्ये ठिपक्यांची एक ओळ मोकळी सोडायला हवी. मग सोळा ओळींत आडव्या रेघा मावणार फार तर आठ. जपानी लिपीत खिन्नतेसाठी ‘उत्सु’ नावाचं जे अक्षर आहे, त्याच्या रेघा एकोणतीस. त्या सगळ्या या चौकटीत बसणं शक्यच नाही. मग अक्षर घडवणारा काही रेघा गाळतो, काही एकमेकींत मिसळतो, आणि तरीही वाचणाऱ्याला ते ‘उत्सु’च वाटावं अशी तजवीज करतो. अशी हजारो अक्षरं एकेक करून ठिपक्यांत बसवली गेली, ती चिपमध्ये कायमची कोरली गेली, आणि त्या चिपच्या जोरावर एका कंपनीनं दहा-बारा वर्षं जपानच्या पर्सनल कॉम्प्युटरच्या बाजारावर हुकूमत गाजवली.

कंपनी निप्पॉन इलेक्ट्रिक, म्हणजे एनईसी. यंत्र पीसी-९८०१. ते जाहीर झालं १३ ऑक्टोबर १९८२ रोजी. किंमत २ लाख ९८ हजार येन. पुढे या घराण्यात एवढी मॉडेलं जन्मली की त्यांची वंशावळ पाठ असणारे लोक जपानात निराळे ओळखू येतात. पूर्ण नाव मात्र कुणी घेत नाही. सगळे म्हणतात ‘क्यूहाची’, म्हणजे नऊ-आठ.

आपल्याला हे यंत्र माहीत नसण्याचं कारण सरळ आहे. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे शाळांत ‘क्लास’ प्रकल्पातले बीबीसी मायक्रो आले, कचेऱ्यांत आयबीएमच्या नकला आल्या, हौशी घरांत क्वचित सिंक्लेअर स्पेक्ट्रम आला. क्यूहाची जपानबाहेर कुठेच फारसा गेला नाही. आणि जपानात त्याच काळात आयबीएम पीसीला जवळपास कुणी विचारत नव्हतं. जगभर ज्या यंत्रानं एकेक देश पादाक्रांत केला, ते या एका बेटसमूहाच्या दारात दहा वर्षं अडून राहिलं. राष्ट्राभिमान, बंदिस्त बाजार, सरकारी धोरण अशी कारणं यासाठी नेहमी पुढे केली जातात आणि प्रत्येकात थोडंफार तथ्य असेलही. पण यंत्राचं झाकण काढून आत पाहिलं की खरं कारण समोर येतं. ते लिपीचं आहे.

आयबीएम पीसी १९८१ चा. त्याच्या रंगीत पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला आठ बाय आठ ठिपके येत. रोमन अक्षरांना ते पुरतात. कांजीला, म्हणजे चीनमधून आलेल्या जपानी चित्राक्षरांना, ते अजिबात पुरत नाहीत. आणि प्रश्न केवळ आकाराचा नव्हता, संख्येचाही होता. क्योता सुगिमोतो यांनी १९१५ साली जपानी टाइपरायटर बनवला तेव्हा त्यात कळफलक नव्हताच. सुमारे २,४०० खिळे मांडलेलं तबक होतं, आणि त्यातून हवा तो खिळा शोधून, उचलून, ठोकायचा. तोशिबानं १९७८ साली पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जेडब्ल्यू-१० आणला, त्याची किंमत ६३ लाख येन. तो आकारानं टेबलाएवढा होता. उच्चार टंकला की त्याची कांजी यंत्रानं शोधून द्यायची, ही आज जपानी मुलांना फोनवर जन्मजात वाटणारी सोय प्रथम बाजारात आली ती त्यात.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. ती तेव्हा कुणाच्या डोळ्यात भरली नसेल, पण या कथेत तिला फार मोल आहे. जपानच्या औद्योगिक मानकात अक्षरांना अधिकृत क्रमांक मिळाले. पहिल्या स्तरात नेहमीच्या वापरातल्या २,९६५ कांजी, उच्चाराच्या क्रमानं. दुसऱ्या स्तरात क्वचित लागणाऱ्या ३,३८४. कोणतं अक्षर कितव्या नंबरचं, हे आता कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर राहिलं नाही.

आता थोडा हिशेब करू. सोळा बाय सोळाचं एक अक्षर म्हणजे २५६ ठिपके, म्हणजे ३२ बाइट. पहिल्या स्तराच्या २,९६५ कांजींना लागतात ९४,८८० बाइट. पहिल्या पीसी-९८०१ ची मूळ मेमरी होती १२८ किलोबाइट. म्हणजे नुसती बाराखडीच तीन-चतुर्थांश घर अडवून बसणार, आणि दुसरा स्तर आणायचा म्हटलं तर घर पुरणारच नाही. तेव्हा अक्षरं मेमरीत ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ती वेगळ्या चिपमध्ये, न पुसणाऱ्या रॉममध्ये कोरून ठेवावी लागणार होती. यालाच कांजी रॉम म्हणत. पहिल्या मॉडेलात तो वेगळा बोर्ड म्हणून विकत घ्यावा लागे. १९८३ च्या पीसी-९८०१ एफ मॉडेलात तो यंत्रातच बसवून मिळू लागला, आणि क्यूहाची खऱ्या अर्थानं घोडदौड करू लागला तो तिथून.

पडद्याची मापंसुद्धा या अक्षरानंच ठरवली. ४० कांजी आडव्या आणि २५ ओळी उभ्या. ४० गुणिले १६ म्हणजे ६४०, २५ गुणिले १६ म्हणजे ४००. पडदा ६४० बाय ४०० ठिपक्यांचा. अमेरिकेत त्या वेळी दोनशे ओळींवर काम भागत होतं. इथे चारशे लागल्या, कारण त्याहून कमी ओळींत वाचता येईल अशी कांजी उमटत नव्हती. पुढे या चारशे ओळींनी एका अख्ख्या चित्रशैलीला जन्म दिला, त्याकडे येतोच.

*

एनईसी मुळात टेलिफोनची आणि चिपची कंपनी. मायक्रोप्रोसेसर विकायचा तर तो काय करतो हे इंजिनिअरांना शिकवायला हवं, म्हणून ऑगस्ट १९७६ मध्ये तिनं टीके-८० नावाचा एक उघडा बोर्ड ८८,५०० येनला बाजारात आणला. इंटेलच्या ८०८० च्या धर्तीची चिप, छोटा कळफलक, आकडे दाखवणारे दिवे, बस्स. पेटी नाही, पडदा नाही. हा शिकवणीचा संच इंजिनिअरांपलीकडे हौशी लोकांनीच इतका उचलला की तोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेत, रेडिओ काइकान इमारतीत, कंपनीला ‘बिट-इन’ नावाचं मार्गदर्शन केंद्र उघडावं लागलं. काझुया वातानाबे आणि तोमिओ गोतो ही या टप्प्यावरची दोन मुख्य माणसं. मग १९७९ साली १ लाख ६८ हजार येनचा पीसी-८००१ आला, १९८१ साली पीसी-८८०१. ही दोन्ही आठ बिटांची यंत्रं चिप बनवणाऱ्या विभागानं घडवलेली.

क्यूहाची मात्र त्या विभागाचं लेकरू नव्हतं. तो आला मोठे संगणक बनवणाऱ्या विभागातून, शुन्झो हामादा यांच्या देखरेखीखाली. एकाच कंपनीत दोन-तीन विभाग आपापले पर्सनल कॉम्प्युटर काढताहेत आणि एकमेकांचे गिऱ्हाईक पळवताहेत, असा तो प्रकार होता. भाऊबंदकीतून काही चांगलं निघाल्याची उदाहरणं कमी असतात. हे त्यांपैकी एक म्हणायला हरकत नाही. मोठ्या संगणकवाल्यांनी आपला तोरा बाजूला ठेवला आणि पीसी-८८०१ वर बेसिकमध्ये लिहिलेले कार्यक्रम नव्या यंत्रावरही चालावेत अशी सोय केली. जुनं गिऱ्हाईक तुटलं नाही, आणि ज्यांनी घरी बसून कार्यक्रम लिहिले होते त्यांचे कष्ट वाया गेले नाहीत.

आत काय होतं? ५ मेगाहर्ट्‌झचा ८०८६, तोही एनईसीनं स्वतः बनवलेला. आणि एनईसीच्याच दोन यूपीडी-७२२० चिप. ही ७२२० त्या काळची मोठी करामत होती. रेघ, कंस, चौकोन काढायचं काम मुख्य प्रोसेसरला न सांगता ती स्वतः करी. इंटेलनं तिचा परवाना घेऊन ती आपल्या नावानं विकली, यावरून तिची पत कळावी. क्यूहाचीत अशा दोन बसवल्या होत्या. एक चित्रांसाठी, दुसरी फक्त मजकुरासाठी.

मजकुराची ही चिप हेच यंत्राचं मर्म. पडद्यावर कांजी दाखवण्याचा एक रस्ता असा की रॉममधून अक्षराचे ३२ बाइट काढायचे आणि चित्राच्या मेमरीत ठिपका-ठिपका करून रंगवायचे. पडदाभर हजार कांजी मावतात. एकाच रंगात काढल्या तरी ३२,००० बाइट हलवायचे. मजकूर एक ओळ वर सरकवला की पुन्हा तेवढंच काम. त्या काळच्या प्रोसेसरला हे करताना घाम फुटे, आणि ज्या यंत्रांत हाच रस्ता होता त्यांवर ओळ वर सरकताना डोळ्यांना दिसे. क्यूहाचीत प्रोसेसर अक्षर काढतच नाही. तो मजकुराच्या मेमरीत, ए०००० या पत्त्यापासून पुढे, फक्त अक्षराचा क्रमांक लिहितो. ८० घरं, २५ ओळी, दर घरात दोन बाइट: एकूण ४,००० बाइट. कांजी असेल तर ती शेजारची दोन घरं अडवते. रंग कोणता, लुकलुकायचं की नाही, खाली रेघ हवी का, हे जरा पुढच्या पत्त्यावर वेगळं नोंदवायचं. पडद्यावरचा किरण त्या घरावर पोचतो त्याच क्षणी मंडल रॉममधून अक्षराचा आकार उचलून समोर ठेवतं. बत्तीस हजारांचं काम चार हजारांत. म्हणून क्यूहाचीवर जपानी मजकूर इंग्रजीच्या वेगानं धावे.

शिवाय मजकुराचा थर आणि चित्राचा थर वेगवेगळे, एकावर एक घातलेले. आलेखावर आकडे लिहा, पुसा, पुन्हा लिहा. खालच्या आलेखाला धक्का लागत नाही. हिशेबाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांना आणि पुढे खेळ बनवणाऱ्यांना ही सोय सोन्यासारखी वाटली असणार.

यंत्र वापरणाऱ्यांच्या आठवणीत मात्र यातलं काही नाही. त्यांच्या आठवणीत आवाज आहे. चालू केल्यावर ‘पि-पो’ असे दोन स्वर, मग पडद्यावर मेमरी मोजली जाते आणि ६४० किलोबाइटला येऊन थांबते, मग फ्लॉपीची खरखर. कळफलकावर एक्सफर नावाची कळ: उच्चार टंका, ती दाबा, कांजी हजर.

*

यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्यावर करायचं काय, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर तोकियोतून आलं नाही, शिकोकु बेटावरच्या तोकुशिमा शहरातून आलं. हे शहर जपानात प्रसिद्ध आहे ते उन्हाळ्यातल्या आवा ओदोरी नाचासाठी. तिथे काझुनोरी उकिगावा आणि त्यांच्या पत्नी हात्सुको यांनी १९७९ साली जस्टसिस्टीम ही छोटी कंपनी सुरू केली. १९८५ साली तिनं क्यूहाचीसाठी ‘इचितारो’ हा वर्ड प्रोसेसर ५८,००० येनला आणला. त्यातला खरा कारागीर म्हणजे एटॉक, उच्चारावरून कांजी शोधून देणारा भाग. ‘हाशी’ टंकलं तर पूल, चॉपस्टिक की टोक, हे मागचे-पुढचे शब्द पाहून ठरवायचं, तेही एका फ्लॉपीतून चालणाऱ्या शब्दकोशाच्या आधारे. जपानी कारकून, शिक्षक, वकील यांच्यासाठी क्यूहाची घेणं म्हणजे बहुतेक वेळा इचितारो घेणं. वर्षभरात जपानी लोटस १-२-३ आला आणि कचेरीचा संसार पूर्ण झाला.

प्रतिस्पर्धी हातावर हात ठेवून बसले नव्हते. फुजित्सूनं एफएम-१६ बीटा काढला, पण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून एमएस-डॉसऐवजी सीपी/एम-८६ ची बाजू धरली आणि कार्यक्रम लिहिणारे तिकडे फिरकले नाहीत. कार्यक्रम जास्त म्हणून गिऱ्हाईक जास्त, गिऱ्हाईक जास्त म्हणून कार्यक्रम जास्त, हा रहाट एकदा फिरू लागला की थांबवणं अवघड. १९८७ साली दहा लाखावा क्यूहाची बाहेर पडला. लोक त्याला ‘कोकुमिन्-की’ म्हणू लागले, राष्ट्राचं यंत्र.

राष्ट्राचं यंत्र म्हटलं की त्याची नक्कल करणारा आलाच. तो निघाला एप्सन. १९८७ च्या वसंतात एप्सननं क्यूहाचीशी जुळणारी पीसी-२८६ ही मालिका जाहीर केली. एनईसीनं कोर्टात धाव घेतली: यंत्राच्या मुळाशी असलेला आमचा कार्यक्रम, बायोस, तुम्ही चोरला आहे. एप्सननं वादातली मॉडेलं मागे ठेवली, बायोस नव्यानं लिहून दुसरी विकायला काढली, आणि वर्ष संपण्याआधी तडजोड झाली. पण एनईसीचा राग शमला नव्हता. तिनं आपल्या एमएस-डॉसमध्ये एक पहारेकरी बसवला. रॉममध्ये एनईसीच्या हक्काची ओळ दिसते का, ते तो बघे. दिसली नाही तर पुढे चालायला नकार. याला ‘एप्सन चेक’ असं रूढ नाव आहे. एप्सननं मग तो पहारेकरी झोपवणारा छोटा कार्यक्रम आपल्या गिऱ्हाइकांना दिला. दोन प्रतिष्ठित कंपन्यांचं हे भांडण चाळीतल्या नळावरच्या भांडणाहून फारसं वरच्या पातळीचं नव्हतं.

गंमत अशी, की नकलेवरून दुसऱ्याला कोर्टात खेचणारी एनईसी त्याच वेळी स्वतः नकलेच्या आरोपाखाली अमेरिकेतल्या कोर्टात उभी होती. १९८५ पासून क्यूहाचीत ८०८६ ऐवजी एनईसीचा स्वतःचा व्ही-३० बसू लागला होता. इंटेलचं म्हणणं, आमच्या प्रोसेसरचा मायक्रोकोड तुम्ही उचलला. पहिल्या न्यायाधीशांचा निकाल रद्द झाला, कारण त्यांचे एका गुंतवणूक मंडळामार्फत इंटेलमध्ये काही डॉलरचे शेअर निघाले. दुसऱ्या न्यायाधीशांनी फेब्रुवारी १९८९ मध्ये सांगितलं की मायक्रोकोडवर लेखनहक्क असू शकतो, पण एनईसीनं तो मोडलेला नाही. आणि इंटेलनं आपल्या चिपांवर हक्काची खूण नीट उमटवून न घेतल्यानं तो हक्कच तिनं गमावला आहे. चिपच्या आतला कार्यक्रम हे लेखन मानायचं का, याचा विचार करताना कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात.

*

कचेरीसाठी घेतलेलं यंत्र रात्री घरात काय करतं, हे कुणी विचारू नये. क्यूहाचीवर खेळ आले आणि पुराच्या लोंढ्यासारखे आले. मात्र धावपळीच्या खेळांसाठी हे यंत्र बांधलेलं नव्हतं. पडद्यावर आकृती झरझर हलवण्याची वेगळी सोय त्यात नव्हती, आणि चित्राची मेमरी रंगवार थरांत विभागलेली, म्हणजे एक ठिपका बदलायला तीन-चार ठिकाणी हात घालायचा. मग बनवणाऱ्यांनी यंत्राच्या कलानं घेतलं. कोएई कंपनीच्या ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’सारखे सरदारांचे डावपेच, गुहांतून भटकायच्या कथा, आणि चित्र-संवादांतून उलगडणाऱ्या लांबलचक गोष्टी हा या यंत्राचा प्रांत झाला. त्यांतला मोठा वाटा प्रौढांसाठीच्या खेळांचा होता. ही गोष्ट झाकून क्यूहाचीचा इतिहास सांगणारे लेख मला सोवळ्यात बसून मच्छीबाजाराचं वर्णन करणाऱ्यासारखे वाटतात. त्या पैशावर अनेक उत्तम चित्रकार आणि संगीतकार शिकले, वाढले.

चित्रकारांचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्राला ४,०९६ रंगांतून निवडलेले १६ रंग एका वेळी दाखवता येऊ लागले. सोळांत गालावरची लाली, सांजेचं आकाश, रेशमी कापडाची घडी, हे सगळं उरकायचं. मग चित्रकार एक आड एक ठिपके पेरत. एक गुलाबी, एक पांढरा, पुन्हा एक गुलाबी. ६४० बाय ४०० ठिपके इतके बारीक आणि नळीच्या पडद्याची धार इतकी मऊ, की दोन रंग डोळ्यात मिसळून तिसरा तयार होई. केसांच्या कडेला बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी, सावलीत तिरप्या ओळी, आणि चेहरा मात्र सपाट, स्वच्छ. ही चित्रं आजच्या सपाट पडद्यावर मोठी करून पाहिली की जाळी उघडी पडते, आणि आजच्या कलाकारांना नेमकी तीच आवडते. जपानबाहेर ज्यांनी क्यूहाचीला कधी हात लावला नाही, अशी तरुण मुलंही आता मुद्दाम त्या सोळा रंगांत चित्रं काढतात.

आवाजाचीही अशीच गोष्ट. मूळ यंत्राला नुसती शिट्टी येत होती. यामाहाच्या वायएम-२२०३ चिपचा बोर्ड बसवला की तीन एफएम स्वर आणि तीन साधे स्वर मिळत. १९९३ च्या ‘८६’ बोर्डातल्या वायएम-२६०८ नं एफएम स्वर सहा केले आणि तालवाद्यंही दिली. तोकियो डेन्की विद्यापीठातला एक विद्यार्थी, जो पुढे झुन या नावानं ओळखला जातो, या चिपसाठी गाणी रचायचा. आपली गाणी ऐकवायला काहीतरी हवं म्हणून त्यानं खेळ बनवले. ‘तोहो’ मालिकेचे पहिले पाच खेळ १९९७ आणि १९९८ मध्ये कॉमिकेट या हौशी प्रकाशकांच्या मेळ्यात क्यूहाचीच्या फ्लॉपीवर विकले गेले. तोवर बाजारात या यंत्राची घटका भरत आली होती.

*

ती भरली कशी, याची सुरुवात १९९० च्या ऑक्टोबरात होते. आयबीएम जपाननं एका लॅपटॉपबरोबर डॉस जे ४.०/व्ही जाहीर केलं. लोक त्याला डॉस/व्ही म्हणतात. त्यात कांजी रॉम नव्हता. आयबीएमच्या साध्या व्हीजीए पडद्यावर, ६४० बाय ४८० च्या चित्र-रीतीत, अक्षरं सरळ सॉफ्टवेअरनं काढायची. अक्षरांचे आकार यंत्र सुरू होताना डिस्कवरून मेमरीत भरून घ्यायचे. जी गोष्ट १९८२ साली वेडेपणाची ठरली असती, ती ३८६ प्रोसेसरला आणि स्वस्त झालेल्या मेमरीला सहज झेपली. जगात कुठेही बनलेल्या सामान्य पीसीत एक डिस्क घातली की तो जपानी बोलू लागला.

पुढचं सगळं भराभर घडलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या कॉम्पॅकनं १ लाख २८ हजार येनला पीसी विकायला काढला आणि जपानी कंपन्यांची झोप उडाली. एनईसीनं जानेवारी १९९३ मध्ये ‘९८ फेलो’ ही स्वस्त मालिका आणली. ती चालली, बरीच चालली. मग विंडोज आलं. विंडोजला खालची मजकुराची चिप नको, कांजी रॉम नको. अक्षरं तेच काढतं, कुठल्याही यंत्रावर सारखीच. २३ नोव्हेंबर १९९५ च्या मध्यरात्री अकिहाबारात विंडोज ९५ साठी रांगा लागल्या. १९९७ मध्ये एनईसीनं पीसी९८-एनएक्स नावाची नवी मालिका जाहीर केली. नावात ९८ होतं, आत मात्र जगातल्या इतर पीसींसारखाच पीसी. जुन्या क्यूहाचीचे कार्यक्रम त्यावर चालत नव्हते. खरी मालिका कारखान्यांच्या गरजेपुरती रेंगाळत २००३ पर्यंत टिकली. एकूण खप १ कोटी ८० लाखांच्या वर.

एनईसीनं लिपीच्या बळावर तट बांधला, हे खरं. पण अक्षरांचे क्रमांक तिचे नव्हते. ते १९७८ च्या मानकाचे होते, सगळ्यांचे होते. क्यूहाचीवर दहा वर्षं लिहिलेली पत्रं, हिशेब, कादंबऱ्या नव्या यंत्रावर नेताना अक्षरं बहुतांशी जागच्या जागी राहिली, म्हणून लोक तट ओलांडून सहज बाहेर पडू शकले.

इथे पुण्याचा विषय काढल्यावाचून राहवत नाही. लिपीचा हाच पेच आपल्यालाही पडला होता, फक्त उलट्या बाजूनं. कांजी असंख्य, पण प्रत्येक आपापल्या चौकोनात गुपचूप बसणारी. देवनागरीची अक्षरं मोजकी, पण चौकोनात बसायला तयार नाहीत: ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर आधी बसते, उकार खाली लोंबतो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरात अर्धा भाग गळून पडतो. यावर आयआयटी कानपूरमध्ये काम झालं, १९८३ च्या दिल्लीतल्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणक लोकांना दाखवला गेला, आणि मोहन तांबे हे काम घेऊन पुण्याला सी-डॅकमध्ये आले. तिथून निघालं जिस्ट कार्ड. ते आयबीएम पीसीच्या खाचेत बसवायचं. मग इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रमही पडद्यावर देवनागरी दाखवत. अक्षरांचं ओझं प्रोसेसरच्या खांद्यावरून काढून वेगळ्या बोर्डावर टाकायचं, ही युक्ती एनईसीच्याच जातकुळीची.

तरी आपल्याकडे क्यूहाची घडला नाही. माझं मत विचाराल तर त्याला पैशाइतकंच दुसरंही कारण आहे. जपानी कारकुनाला आपल्या लिपीवाचून कामच करता येत नव्हतं. आपल्या साहेबाला येत होतं. महाराष्ट्राचा १९६४ चा राजभाषा अधिनियम कपाटात होता आणि टेबलावर वर्डस्टार इंग्रजीत चालू होतं. मराठीची खरी निकड होती ती छापखान्यांना आणि वृत्तपत्रांना, आणि त्यांनी जिस्टच्या मानकाची वाट न पाहता श्रीलिपी, आकृती असले फॉन्ट घेतले. प्रत्येकाचे क्रमांक निराळे. अक्षरांना सामाईक क्रमांक देणारं आयएससीआयआय हे मानक १९९१ साली पक्कं झालं, पण जुळारी त्याच्याकडे वळला नाही. परिणाम दिवाळी अंकाच्या कुठल्याही जुन्या संपादकाला विचारा: नव्वदच्या दशकातल्या अंकांच्या फायली आज उघडल्या तर निम्म्या ठिकाणी चौकोन आणि निम्म्या ठिकाणी भलतीच रोमन चिन्हं. जपानात यंत्र गेलं आणि मजकूर राहिला. आपल्याकडे यंत्रं तीच राहिली आणि मजकूर गेला.

*

क्यूहाची अजून पूर्ण मेलेला नाही. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत मोजमापाची, यंत्रं हलवायची कार्डं त्याच्या सी-बस खाचांत बसवलेली होती, आणि दहा-वीस वर्षं बिनबोभाट चाललेली यंत्रणा केवळ संगणक म्हातारा झाला म्हणून मोडायला कुणी तयार नसतं. त्यामुळे जुने क्यूहाची दुरुस्त करून विकणं हा जपानात चालू धंदा आहे. घरच्या हौशींसाठी नेको प्रोजेक्टसारखे कार्यक्रम आहेत. ते साध्या पीसीला क्यूहाचीचं सोंग देतात.

खरं यंत्रच हवं असेल, तर लिलावातून मागवताना काही गोष्टींची तयारी ठेवावी. नव्वदच्या दशकातल्या मॉडेलांत कपॅसिटर गळतात आणि त्यांतला द्रव तांब्याच्या रेघा खातो. असा बोर्ड डाग द्यायला घेतला, की कढत टोकाखाली माशासारखा वास येतो. तो आला की समजावं, कपॅसिटर एकटा गेलेला नाही. अनेक मॉडेलांत घड्याळाची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डवरच असते. तिच्या आसपास हिरवट पापुद्रा दिसला तर यंत्र चालू करण्याआधी ती काढावी, ‘एकदा बघू तरी’ म्हणू नये. पॉवर सप्लाय शंभर व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीतले २३० व्होल्ट त्याला थेट दिले तर पि-पो ऐवजी वेगळाच आवाज ऐकू येईल, तेव्हा आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. फ्लॉपीचं मापही आपलं नव्हे: तीच साडेतीन इंची चकती, पण दर ट्रॅकला १,०२४ बाइटचे आठ सेक्टर, ट्रॅक ७७, आणि फिरण्याचा वेग मिनिटाला ३६०. आपल्याकडचे बहुतेक जुने ड्राइव्ह ३०० वर फिरतात, त्यांना ती वाचता येत नाही.

आणि एवढं सगळं जमवूनही पडदा काळाच राहिला, तर घाबरून यंत्र परत पेटीत घालू नये. क्यूहाचीच्या त्या चारशे ओळी सेकंदाला २४ हजारांच्या वेगानं आखल्या जातात. बाजारातले साधे मॉनिटर ३१ हजारांच्या खालचं काही ओळखतच नाहीत. एखादा जुना बहुवेगी मॉनिटर मिळाला तर उत्तम. नाहीतर संकेत बदलून देणारी छोटी पेटी मिळते, ती मध्ये जोडावी.